एकशे दहा युरोंत

मंडळाच्या खात्यात एकशे दहा युरो.
वुओक्कोनं वही माझ्याकडे फिरवली,
पेनाचं टोक आकड्याखाली धरलं,
बोलली काहीच नाही.
छताच्या पत्र्यानं यंदा सगळं गिळलं,
ते मलाही ठाऊक.

केमीच्या गोदीमागचा हा कामगार हॉल.
ड्रम चार, झांजा दोन, एक हाय-हॅट,
आणि तार्मो, वय एकाहत्तर,
तीस वर्षं कागद गिरणीत,
डावा कान तिथंच ठेवून आला.
शनिवारी हुम्पा. तीसेक जोडपी येतील,
उजेड रात्रभर मावळणार नाही.

तीन माइक पुरेत, मी म्हटलं.
एक पायाच्या ड्रमला, तो आहेच,
जाळी चेपलेला, पण इमानी.
दोन वरून.
प्रत्येक ड्रमच्या तोंडाशी माइक लावणारे लावोत,
त्यांच्याकडे केबल असते, आणि माणसंही.

औलूचा एक जण जुना, नावाजलेला माइक विकत होता.
एकच. एकशे चाळीस.
घासाघीस केली तर म्हणाला, बाई, हा माइक आहे, मासे नाहीत.
चर्चचा ऑर्गनवाला जोडी उसनी द्यायला तयार,
अट एवढीच, रविवारी सकाळी आठला परत.
आमचा नाच दोनला संपतो.
मग मी स्टँड उचलणार, की झोपणार, की देवाला तोंड दाखवणार?

उरली ही जोडी. नवी. चौऱ्याण्णव.
पेटी प्लास्टिकची, आतल्या स्पंजाला डिंकाचा वास,
माइक करंगळीएवढे, हलके,
इतके हलके की हातात धरून मलाच वाईट वाटलं.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, ठीक आहे,
पण हे अंथरूण की रुमाल?

मिक्सरवर अठ्ठेचाळीस व्होल्टचं बटण दाबलं.
आधी आली खरखर,
लांब कुणीतरी कांदा परततंय तशी.
असू दे. साठ पायांखाली कांदा कुणाला ऐकू येणार?

मग सुतळी.
स्नेअरच्या मधोमध एक टोक, तार्मोनं बोटानं दाबून धरलेलं,
दुसरं टोक डाव्या माइकपर्यंत, तिथं गाठ,
तीच गाठ उजव्यापर्यंत.
अंतर चुकलं तर दोघं एकमेकांचा आवाज खातात,
सख्ख्या भावांसारखे.
झांज कर्कश वाजत होती, जरा पत्र्याची.
माइक वीतभर वर घेतले,
तोंडं झांजेवरून वळवून ड्रमकडे केली.
आता बरं.
तार्मो म्हणाला, झांज मला तशीही दिसते फक्त.

वाजव, मी म्हटलं, आणि हेडफोन लावला.

वरून सगळं एकत्र आलं,
काठी, कातडं, स्टुलाची कुरकुर,
बाहेर लंगराची साखळी ओढल्याचा आवाज.
आणि मोजणं.
हा माणूस मोजतो! ओठांतल्या ओठांत,
अकरा वर्षं मी याचा साउंड करतेय, मला माहीत नाही.
एक, दोन, तीन,
आणि चौथ्या मात्रेवर चार नाही,
रेइयो.

रेइयो बास वाजवायचा, उजवीकडे उभा राहून,
जिथं आता पंखा असतो.
तीन हिवाळे झाले.

मी नॉबवर हात ठेवला.
उजवा माइक दोन बोटं बाहेर सरकवला असता
तर गेलं असतं ते,
सुतळीला नवी गाठ, दोन मिनिटांचं काम.
तार्मोनं विचारलं, कसं येतंय?
त्याच्या उजव्या कानाशी वाकून म्हटलं,
सगळं येतंय.

स्टँडच्या पायाला जमिनीवर खडूनं खूण केली.
वुओक्कोसाठी पावती लिहिली:
माइक जोडी, चौऱ्याण्णव.
केबल एक, बारा.
सुतळी घरची.
बाकी चार युरो,
कॉफीच्या डब्यात टाकले आहेत.